मोकळा ताबा

श्रावणातल्या एका संध्याकाळी घरमालक वर आले. पन्हाळ्यावर श्रावणातली संध्याकाळ म्हणजे धुके. दार उघडले की माणसाआधी तेच घरात शिरते. मालकांनी छत्री कोपऱ्यात उभी केली, चहा नको म्हणाले, मग घेतला, आणि कप अर्धा झाल्यावर विषयाला हात घातला.

"सर, घर काढायचं ठरलंय आमचं. भावांच्या वाटण्या व्हायच्यात, त्याशिवाय मार्ग न्हाई. गिऱ्हाईक पुण्याचं हाय. तुमच्या कानावर आधी घालावं म्हटलं." थोडे थांबून म्हणाले, "खरेदीखतात मोकळा ताबा लिहा म्हणतोय त्यो. तेवढं बघा."

मोकळा ताबा म्हणजे मी नसलेला ताबा. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर लिहायला निवांत जागा हवी म्हणून मी गडावर आलो, त्याला सहा वर्षे झाली. दर अकरा महिन्यांनी नवा करार. मालक सरळ मनाचे. पावसाळ्यात भिंती पाझरायच्या, तर दर वैशाखात स्वतः उभे राहून कौले शेकारून घ्यायचे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली, त्यांत पन्हाळा आहे. तेव्हापासून आमच्या आळीत पर्यटकांना खोल्या देण्याच्या गोष्टी जास्तच ऐकू येतात. पुण्याचे गिऱ्हाईक त्याच वाऱ्यावर आले असावे.

त्याच आठवड्यात ताईकडे कोल्हापूरला गेलो होतो. ताई शिवाजी पेठेत एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहते. दाजींनी त्या खोल्या १९६४ साली भाड्याने घेतल्या. तो वाडा २००८ साली विकला गेला. नवा मालक आला, नोटिसा आल्या, दावा झाला. ताई तिथेच आहे. मी सांगितले, की माझेही घर विकले जाते आहे, दिवाळीपर्यंत जागा सोडावी लागेल. ती पोळी भाजता भाजता वळून म्हणाली, "घर विकलं म्हणून भाडेकरू कशाला उठतोय? आमचा वाडा विकला तेव्हा कोण उठलं?"

जेमतेम वीस किलोमीटरचे अंतर, एकच जिल्हा, एकच कायद्याचे राज्य. दोन्ही घरे मालकाने विकली. एकीला खरेदीखत हलवू शकले नाही, दुसऱ्याला त्याच कागदाने आपोआप बाहेर काढले. उभा जन्म इतिहास शिकवण्यात गेला, पण माझ्याच छपराचा इतिहास मला ठाऊक नव्हता. गेले दोन महिने तो शोधण्यात गेले.

मालक बदलला की जुन्या वहिवाटदाराचे काय होते, हा प्रश्न पन्हाळ्याला नवा नाही. १८४४ साली तो तोफांच्या आवाजात विचारला गेला. कोल्हापूरच्या गडांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे गडकरी गडाची राखण करीत आणि त्याबदल्यात गडाला लावून दिलेल्या जमिनी खात. इंग्रजांनी संस्थानाच्या कारभारावर दाजी कृष्ण पंडित यांना बसवले. त्यांनी या जमिनी गडांकडून काढून मामलेदारांच्या हिशेबात घातल्या. कागदावर तो निव्वळ व्यवस्थेचा बदल होता. गडकऱ्यांनी त्याचा अर्थ बरोबर ओळखला: नवा धनी जुना शब्द पाळणार नाही. सामानगड आणि भुदरगडाचे दरवाजे बंद झाले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असताना बंडवाल्यांच्या हाती सापडला, त्याला पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. १ डिसेंबर १८४४ रोजी जनरल डेलामोटच्या फौजेने तट फोडून गड घेतला. मग तटबंदी पाडली गेली आणि वंशपरंपरेची शिबंदीच मोडीत निघाली. आज पर्यटक ज्या पडक्या तटापुढे फोटो काढतात, त्याच्या पडझडीत या भांडणाचा वाटा आहे.

जुन्या मराठी गावगाड्यात या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या पायरीवर ठरे. मिरासदार, ज्याला थळकरीही म्हणत, सारा भरत राहिला तर त्याला कोणी उठवू शकत नसे. त्याची मिरास विकायची तर मिरासपत्र, साक्षी, गोताची संमती लागे. त्याच्या खालच्या पायरीवर उपरी. तो वर्षाच्या कौलावर जमीन करी आणि कौल संपला की पुढचे गाव बघे. उपरी हा शब्द महसुलाच्या दप्तरातून आपल्या रोजच्या बोलण्यात आला आणि परका या अर्थाने राहिला. अकरा महिन्यांच्या करारावर सही करताना मला तो शब्द आठवायला हवा होता.

युरोपातही दोन पायऱ्यांचे हेच भांडण फार जुने आहे. रोमन कायद्यात भाडेकरूचा हक्क हा फक्त मालकाच्या शब्दावर उभा होता. घर विकले की शब्द देणारा बाजूला झाला आणि नवा धनी कोणताच शब्द देऊन बसलेला नव्हता. भाडेकरूने जुन्या मालकाकडे नुकसानभरपाई मागावी, घर मात्र सोडावे. विक्री भाडे मोडते, असे त्याचे सूत्र मध्ययुगात पंडितांच्या तोंडी होते. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेने ते उलटे केले: तारखेनिशी पक्का भाडेपट्टा असेल तर घर विकत घेणारा भाडेकरूला काढू शकत नाही. जर्मनीत हा वाद जास्त रंगला. तिथल्या नागरी संहितेचा पहिला मसुदा १८८८ साली आला, त्यात रोमन नियमच घेतला होता. त्यावर गदारोळ उठला. ओटो फॉन गीर्के या कायदेपंडिताने त्या मसुद्यावर कडाडून टीका केली. अखेर १ जानेवारी १९०० पासून जी संहिता अमलात आली तिच्यात नियम फिरला होता. विक्री भाडे मोडत नाही, हे तिथे आता म्हणीसारखे झाले आहे.

हिंदुस्थानात हे भांडण झालेच नाही, कारण आपल्याकडे दोन्ही नियम एकाच दिवशी आले. हे वाचून मी चष्मा काढून पुन्हा तारीख पाहिली. १७ फेब्रुवारी १८८२. लॉर्ड रिपनची राजवट, विधी सदस्य व्हिटली स्टोक्स. त्या दिवशी मंजूर झालेला त्या वर्षाचा चौथा कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण कायदा. पाचवा कायदा म्हणजे सुविधाधिकार कायदा, ज्याला कोर्टात सगळे ईझमेंट ॲक्ट म्हणतात. दोन्ही १ जुलै १८८२ पासून अमलात आले. मुंबई इलाख्यात मात्र दोन्ही उशिराने पोचले, आधी पाचवा १८९१ साली आणि मग चौथा १८९३ साली.

चौथ्या कायद्यात भाडेपट्टा आहे. भाडेपट्टा म्हणजे घराच्या उपभोगाचा हक्क भाडेकरूला देऊन टाकणे. तो मालकीचाच एक तुकडा. मालकाने एकदा तो तोडून दिला की त्याच्या हातात उरते ते उरलेले. म्हणून कलम १०९ सांगते, की घर विकले तर घेणाऱ्याला जुन्या मालकाचे सगळे हक्क मिळतात आणि भाडेकरूने मागितले तर सगळी बंधनेही त्याच्या अंगावर येतात. भाडेकरूने नव्या मालकाला मान्यता द्यावी, नवा कागद करावा, याची गरज नाही. विक्रीच्या आधीचे थकलेले भाडे नव्या मालकाला मागता येत नाही, तसा वेगळा करार नसेल तर. आणि विक्रीची खबर नसताना भाडेकरूने जुन्या मालकाच्या हातावर भाडे ठेवले, तर ते पुन्हा भरावे लागत नाही. साध्या व्यवहाराची किती बारीक काळजी! ताईचे २००८ सालचे उत्तर या कलमात आहे. तिला ते कलम ठाऊक नव्हते, नियम ठाऊक होता.

पाचव्या कायद्यात परवाना आहे. परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची नुसती मुभा, जी नसती तर तीच गोष्ट अतिक्रमण ठरली असती. मालकीचा तुकडा वगैरे काही नाही. अंगणातल्या आडाचे पाणी भरू द्यावे, तसे. आणि कलम ५९ एका वाक्यात उरकते: परवाना देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याला दिली, तर घेणारा त्या परवान्याने बांधलेला नाही. म्हणजे रोमन नियम जसाच्या तसा. १८८२ साली त्यात काही वावगे नव्हते. परवाना म्हणजे झाडावरची फळे काढणे, शेतातून वाट काढणे असल्या गोष्टी कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असाव्यात. लोक चूलबोळक्यासकट, म्हाताऱ्या आईसकट परवान्यावर राहतील, हे कोणाच्या स्वप्नात आले असेल?

ते कसे झाले, ही महाराष्ट्राची गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात भाडेकरूच्या बाजूने झाली.

पहिल्या महायुद्धात मुंबईत जागा मिळेना आणि भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली भाड्यावर पहिला लगाम आला. विलायतेत तो १९१५ साली ग्लासगोच्या बायकांनी भाडे न भरण्याचा संप केल्यावर आला होता. तिथे मालकांनी लगेच पळवाट शोधली. भाडेकरूला काढता येत नाही ना, मग घर अशा माणसाला विका ज्याला स्वतःला राहायचे आहे. तो स्वतःच्या गरजेसाठी काढेल. पार्लमेंटच्या ते ध्यानात आले. १९१८ च्या दुरुस्तीने ३० सप्टेंबर १९१७ नंतर घर विकत घेणाऱ्याला स्वतःच्या गरजेच्या कारणासाठी मालकच मानायचे नाही, असे ठरले. ही पळवाट ध्यानात ठेवावी, आपल्याकडे ती पुढे येते.

दुसऱ्या युद्धाच्या तोंडावर १९३९ साली, मग १९४४ साली मुंबई सरकारने पुन्हा कायदे केले आणि अखेर १९४७ चा सत्तावन्नावा कायदा आला, तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. लोक त्याला नुसता भाडे कायदा म्हणत. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाणभूत भाडे. भाडेकरू भाडे देतो आहे आणि द्यायला तयार आहे, तोवर त्याला काढता येत नाही. काढायचे तर कायद्यात लिहिलेल्या कारणांपैकी एक कारण कोर्टात सिद्ध करायचे. त्या कारणांत घर विकायचे आहे हे कारण कुठेच नाही. मालकाला पैसे हवेत, मुलीचे लग्न आहे, भावांच्या वाटण्या आहेत, त्याने खुशाल विकावे. पण भाडेकरूसकट. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि मुंबईच्या कायद्यांचे राज्य पंचगंगेपर्यंत आले. दाजींनी १९६४ साली खोल्या घेतल्या तेव्हा भाडेपावती हाच त्यांचा करार होता. त्या पावत्या ताईने अजून पत्र्याच्या ट्रंकेत, वर्षांप्रमाणे दोऱ्याने बांधून ठेवल्या आहेत.

आता याची दुसरी बाजू. वाड्याची जुनी मालकीण विधवा बाई होत्या. दोन मुलगे, दोघेही परगावी. सहा भाडेकरूंचे मिळून जे भाडे येई, त्यात वाड्याची घरपट्टी आणि कौले निघाली तरी पुष्कळ. भाडेकरू असलेला वाडा मोकळ्या वाड्याच्या भावाने कोण घेणार? त्यांनी तो पडत्या किमतीला एका बांधकामवाल्याला दिला. ताईला कायद्याने जे मिळाले त्याची किंमत सरकारने दिली नाही, त्या बाईंनी दिली. ताईला हे मी एकदा बोलून दाखवले. ती म्हणाली, "आणि आम्ही कुठं जायचं होतं?" दोन्ही खरे आहे.

नव्या मालकाने पहिले काम केले ते म्हणजे भाडे घेणे बंद केले. ही युक्ती जुनी आहे: भाडे घ्यायचेच नाही आणि वर्षभराने थकबाकीचा दावा लावायचा. ताईने दर महिन्याला मनिऑर्डर पाठवली. ती नाकारून परत आली की पोचपावती ट्रंकेत. थकबाकीचा दावा झालाच, तरी १९९९ च्या नव्या कायद्यात समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत साऱ्या बाकीवर पंधरा टक्के व्याज आणि खर्च भरून जागा वाचवायची सोय आहे. ट्रंक पाहून मालकाच्या वकिलाने तो नाद सोडला असावा. मग आला दुसरा दावा: मुलाला राहायला जागा हवी.

विलायतेची पळवाट ती हीच. घर विकणे हे काढायचे कारण नाही, पण घेणाऱ्याची प्रामाणिक गरज हे आहे. भारतातल्या काही राज्यांनी या फटीत पाचर मारली आहे. दिल्लीच्या कायद्यात घर विकत घेणाऱ्याला पाच वर्षे थांबावे लागते, त्याआधी स्वतःच्या गरजेचा अर्ज करता येत नाही. उत्तर प्रदेशच्या १९७२ च्या कायद्यात ही मुदत तीन वर्षे होती, मध्य प्रदेशात एक. महाराष्ट्राने अशी मुदत घातलेली नाही. खरेदीखताची शाई वाळली की दावा लावता येतो. आपल्याकडे राखणीला आहे ती दुसरी गोष्ट: कोर्टाने तराजू धरायचा. हुकूम दिला तर भाडेकरूचे हाल जास्त, की न दिला तर मालकाचे? कोणाला दुसरी जागा आहे? भाडेकरूचे पारडे जड असेल तर गरज खरी असूनही हुकूम मिळत नाही. शिवाय गरजेच्या नावाने ताबा घेऊन महिन्याभरात तिथे राहायला न येणाऱ्या किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला जागा देणाऱ्या मालकाकडून ती परत मिळवता येते. ताईच्या दाव्यात मालकाच्या नावावर शहरात आणखी फ्लॅट निघाले. दावा फेटाळला गेला. अपील आहे, आणि ताईचे वय एक्याऐंशी आहे. कोर्टातला काळ कोणाच्या बाजूने चालतो हे वकिलाने सांगायला नको.

हे सारे वाचताना मला एक असे कलम सापडले, की त्यापुढे शहरी भाडेकरूचा कायदा मला तोकडा वाटू लागला. भाडे कायद्यापाठोपाठ त्याच मुंबईच्या विधिमंडळाने १९४८ साली कूळ कायदा केला, तो २८ डिसेंबर १९४८ पासून लागू झाला. कसेल त्याची जमीन आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आपण शाळेत शिकलो, मी शिकवलाही. पण त्यातले सतरावे कलम मी कधी वाचले नव्हते. कुळाने मालकाच्या गावठाणातल्या जागेवर स्वखर्चाने घर बांधले असेल आणि मालकाला ती जागा विकायची असेल, तर त्याने आधी कुळाला विचारायचे. नोटीस द्यायची, तीन महिने थांबायचे, किंमत न्यायाधिकरण ठरवणार. न विचारता केलेली विक्री रद्दबातल. शेतजमिनीच्या विक्रीतही कलम ६४ ने पहिला मान प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळालाच दिला.

म्हणजे आपल्या कायद्याला ही कल्पना परकी नव्हती. विकायचे आहे? विका. पण जो तिथे राहतो त्याला पहिल्यांदा विचारा. गडाखालच्या वाडीतल्या कुळाला हा अधिकार होता. शिवाजी पेठेतल्या ताईला तो कधीच नव्हता. तिला न उठण्याचा हक्क होता, घेण्याचा नव्हता. वाडा पडत्या किमतीला गेला तेव्हा ते सहा भाडेकरू मिळून तो घेऊ शकले असते का, हे मी ताईला विचारले. ती म्हणाली, आम्हाला पेपरातल्या जाहीर नोटिशीवरून कळले. तीही शेजारच्यांनी दाखवली.

शहरात असा अधिकार देण्याचा एक मोठा प्रयोग झाला, पण तो मुंबई बेटापुरता. १९८६ साली म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण आले. उपकर भरणाऱ्या जुन्या चाळींतले सत्तर टक्के रहिवासी सहकारी संस्था करून पुढे आले, तर सरकारने ती इमारत संपादन करून त्यांना द्यायची. मालकाला मोबदला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट. गोठलेल्या भाड्याची शंभर पट म्हणजे काय रक्कम होईल, हे वाचकांनीच मनात करून पाहावे. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरते का, हा त्यातला प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने उत्तर आले: सरसकट सगळी ठरत नाही.

आता माझ्याकडे, म्हणजे परवान्याकडे. १९४७ च्या कायद्याने घाबरलेल्या मालकांनी भाडेकरू ठेवणेच बंद केले. रिकामी खोली ठेवू, नाहीतर परवान्यावर देऊ. चौथ्या कायद्यातला माणूस हळूहळू पाचव्यात ढकलला गेला. कोर्टांनी काही काळ कागदाआड पाहिले. १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कागदावर परवाना लिहिला म्हणून तो परवाना होत नाही, पक्षांचा खरा हेतू आणि जागेचा एकट्याचा ताबा पाहायचा. मग विधिमंडळानेच घाव घातला: १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर जागेत असलेले सगळे एका दुरुस्तीने भाडेकरू मानले गेले. झोपताना परवानाधारक, उठताना भाडेकरू. ज्यांना लाभ झाला त्यांनी पेढे वाटले. ज्यांना पुढे घर शोधायचे होते, त्यांच्यासाठी दारे आणखी घट्ट बंद झाली.

नंतर काटा उलटा फिरला. १९८७ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत संपली की जागा झटपट परत मिळण्याची सोय केली. १९९७ च्या अखेरीस मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की १९४० च्या भावाला गोठवलेले भाडे आता न्याय्य राहिलेले नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातले चोविसावे कलम माझ्यासारख्यांचे. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा परवाना संपला आणि माणूस हलला नाही, तर सक्षम प्राधिकारी काढणार आणि तोवर दुप्पट रक्कम वसूल होणार. आणि एक बारीक गोष्ट: लेखी परवान्यात जे लिहिले आहे तोच निर्णायक पुरावा. १९५९ चे कागदाआड पाहणे तिथे संपले. कलम ५५ प्रमाणे करार नोंदवणे सक्तीचे, आणि ते काम घरमालकाचे. नोंदवला नाही तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरायचे. माझ्या मालकांनी प्रत्येक वेळी इमानदारीने नोंदवला होता.

आज कोल्हापुरात, पुण्यात कोणीही घर भाड्याने घेतो म्हणतो, तेव्हा तो बहुधा भाड्याने घेत नसतो. तो महिन्याला भाडे म्हणून जे देतो त्याला करारात परवाना शुल्क म्हटलेले असते. आपण अकरा महिन्यांकडे बघतो, कारण वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, ही जुनी सवय. खरी गोम मुदतीत नाही, मथळ्यात आहे. पंधराव्या दिवशी घर विकले तर घेणाऱ्याला उरलेल्या साडेदहा महिन्यांशी देणेघेणे नाही.

गावातल्या एका जुन्या विद्यार्थ्याला, जो आता पन्हाळ्याच्या कोर्टात वकिली करतो, मी विचारले, की मग माझे हक्क तरी कोणते? त्याने पाचव्याच कायद्यातली दोन कलमे काढून दाखवली. ६३: परवाना रद्द झाला तर सामान हलवून बाहेर पडायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. ६४: पैसे घेऊन दिलेला परवाना, राहणाऱ्याची चूक नसताना मुदतीआधी मोडला, तर देणाऱ्याने भरपाई द्यायची. म्हणजे पुन्हा रोमच. नव्या धन्याकडे काही मागू नका, जुन्याकडे मागा. साठवी तरतूद अशी, की परवान्याच्या भरवशावर पैसे खर्चून कायमस्वरूपी बांधकाम केले असेल तर परवाना मोडता येत नाही. मी आशेने भिंतीतल्या सागवानी फळ्यांचा विषय काढला. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत पुस्तकांच्या फळ्या मी स्वखर्चाने ठोकल्या आहेत. तो हसला. "सर, स्क्रूनं बसवलेलं निघतंय."

मालकांकडे भरपाई मागायचे माझ्या मनात आले नाही. करार मार्गशीर्षापर्यंत होता, मी दिवाळीनंतर जागा सोडतो म्हणालो, आणि अनामत रक्कम खरेदीखताच्या दिवशी त्यांनीच परत करायची हे लिहून घेतले. नव्या मालकावर ढकलले असते तर ती कुठल्या कलमाखाली मागायची, याचे उत्तर माझ्या विद्यार्थ्याकडेही चटकन नव्हते. मालक म्हणाले, "लिहून कशाला पायजे, सर?" पण सही केली.

पुण्याचे गिऱ्हाईक भाद्रपदात येऊन गेले. तरुण जोडपे, बोलायला चांगले. खिडकीतून मसाई पठार दिसते का विचारले. धुक्यात काहीच दिसत नव्हते. बाईंनी फळ्यांवरून हात फिरवला आणि त्या राहणार का म्हणून विचारले. त्यांना पाहुण्यांच्या खोलीत पुस्तके ठेवायची आहेत.

ताईला हे कळले तेव्हा तिने ताबडतोब निकाल दिला: माझ्याकडे ये, दोन खोल्या आहेत, एक रिकामीच असते. मी विद्यार्थ्याला विचारले. तो गंभीर झाला. पोटभाडेकरू ठेवणे हे भाडेकरूला काढायचे एक कारण आहे, आणि अपील चालू आहे. सख्खा भाऊ बहिणीकडे राहिला तर तो पोटभाडेकरू होत नाही, पण समोरची बाजू म्हणणारच. "ताईंना एक रुपयासुद्धा देऊ नका, बँकेतून तर नाहीच. खोलीला वेगळं कुलूप नको. आणि दारावर नावाची पाटी लावू नका."

ताईला मी हे फोनवर सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पुस्तकांचं काय म्हणतोय तो? पुस्तकं तरी चालतील ना?"

चौदा खोकी झाली आहेत. फळ्या मालकांना दिल्या.